माणसं कमी, तरी दार अर्धंच उघडं

(बुधवारच्या दुपारच्या कार्यक्रमातलं बोलणं, छापण्यासाठी थोडं नीट करून.)

जेवणं उरकली असतील, भांडी व्हायची असतील. राहू देत थोडा वेळ. आज जरा लांबची गोष्ट सांगायची आहे, पण ती आपल्याच गटातून सुरू झाली.

गेल्या महिन्यात बैठक झाली. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, सगळ्या उठल्या आणि एक वहिनी मागे राहिल्या. शेवया-पापडाचं काम करतात त्या. हातात मोबाईल होता. म्हणाल्या, "बाई, पोरीला अमेरिकेतून पत्र आलंय. तिनं वाचून दाखवलंय, पण तुम्ही एकदा वाचा."

पत्र खरं होतं. पोरगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली, तिकडच्या एका विद्यापीठात पीएच.डी.साठी निवड झालेली. १५ एप्रिलपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. मला इतका आनंद झाला की वहिनींना तिथंच मिठी मारली. पण वहिनींचा चेहरा काही खुलला नाही. "हे म्हणतात, ओढ्याकडचं अर्धा एकर गहाण टाकू. दीर म्हणतात, टीव्हीवर दाखवतात, तिकडनं आपली पोरं माघारी पाठवायला लागलेत. बाई, मला एवढंच सांगा. त्यांच्याकडं माणसं कमी आहेत म्हणून पोरीला बोलावलं ना? मग कमी आहेत तर दारात अडवतात कशाला?"

तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. उत्तर पटकन येईना. महिनाभर वाचत बसले, पुतण्याला इंटरनेटवरून कागद काढायला लावले, तिकडे असलेल्या भाचीला रात्री-अपरात्री फोन केले. त्यातून जे कळलं ते सांगते.

आधी 'माणसं कमी आहेत' या बोलण्याकडे बघू. हे वाक्य आपल्याला नवीन आहे का? कांद्याच्या लागणीला, खुरपणीला, कापूस वेचायला दरवर्षी शेतकरी म्हणतोच की, "बायका मिळेनात." आपण काय म्हणतो मनात? तीनशे रुपयांत मिळेनात. साडेचारशे म्हण, रिक्षा पाठव, मग बघ मिळतात का नाही. पण शेतकऱ्याचंही अगदीच खोटं नसतं. चार दिवसांत लागण उरकायची असते, सगळ्या गावाचं काम एकदम येतं, आणि भावच असा पडलेला असतो की साडेचारशे त्यालाही परवडत नाहीत. म्हणजे 'कमी' हा शब्द कोण म्हणतंय, कुठल्या मजुरीला म्हणतंय, ते बघायला लागतं.

अमेरिकेत विज्ञानाच्या बाबतीत हेच भांडण साठ-सत्तर वर्षं चाललंय. १९५७ साली रशियाने स्पुटनिक नावाचा उपग्रह आकाशात सोडला आणि अमेरिका घाबरली. आपल्याकडे शास्त्रज्ञ कमी पडतायत म्हणून दुसऱ्याच वर्षी कायदा करून शिक्षणात भरपूर पैसा ओतला. पुढे १९८०च्या दशकात त्यांच्याच सरकारच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने एक आकडा काढला, की येत्या काळात ६ लाख ७५ हजार शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर कमी पडणार. मोठमोठ्या भाषणांत तो आकडा फिरला. आणि झालं काय? सोव्हिएत रशिया मोडला, तिकडचे शास्त्रज्ञ अमेरिकेत आले, लष्करी कामं कमी झाली, आणि पीएच.डी. झालेली पोरं नोकरीसाठी दारोदार हिंडायला लागली. १९९२ साली त्यांच्या संसदेत या आकड्याची चिरफाड झाली. तो आकडा मागणीचा विचार न करताच काढला होता, असं निघालं. एवढी शिकलेली माणसं, आणि हिशोब आपल्या गटाच्या वहीपेक्षा कच्चा!

पण म्हणून टंचाई सगळी थाप आहे, असंही मी म्हणणार नाही. पीएच.डी. म्हणजे पाच-सहा वर्षांचं काम. त्या काळात विद्यापीठ जो पगारवजा भत्ता देतं त्यात खोलीभाडं आणि जेवणखाण निघतं, शिल्लक फारशी पडत नाही. तिकडच्या हुशार पोराला चार वर्षांच्या पदवीवर चांगली नोकरी मिळते. तो कशाला थांबेल? मग प्रयोगशाळेत रात्री दहाला कोण असतं? चीनचं पोरगं, भारतातली पोरगी, इराणचं, कोरियाचं. संगणक आणि गणित या विषयांत डॉक्टरेट होऊन तिथे काम करणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक अमेरिकेबाहेर जन्मलेले आहेत. २०२३-२४ साली तिथे शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३ लाख ३१ हजारांवर गेली आणि आपण चीनलाही मागे टाकलं. ही सगळी उद्या उठून आली तर कितीतरी प्रयोगशाळांचे दिवे बंद होतील. म्हणजे गरज खरी आहे. फक्त ती गरज 'या भत्त्यात, एवढे तास काम करणाऱ्या' माणसांची आहे. खुरपणीसारखीच.

आता दाराची गोष्ट. १८८३ साली आपली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने निघाली आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली. अठरा वर्षांची पोर. फिलाडेल्फियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजात शिकली, १८८६ला डॉक्टर झाली. परत आली, आणि १८८७च्या फेब्रुवारीत पुण्यात गेली, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मला आजवर जे सुचलं नव्हतं ते हे, की तिला कुणी व्हिसा विचारला नाही. तशी पद्धतच नव्हती. विरोध झाला तो इकडे, आपल्या लोकांचा. पण ती जायच्या एकच वर्ष आधी, १८८२ला, अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी घातली होती. त्यांच्याच हातांनी रेल्वे बांधून घेतल्यावर. पुढे १९१७ला भारतासकट बराचसा आशिया बंद केला. १९२३ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद नावाच्या पंजाबी माणसाला सांगितलं, तू गोरा नाहीस, तुला नागरिक होता येणार नाही. तो माणूस पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता, बरं का. १९४६ला दार जरासं किलकिलं झालं: अख्ख्या भारतातून वर्षाला शंभर माणसं. शंभर! आपल्या एका एसटीतून जत्रेला जवळजवळ तेवढी जातात.

१९६५ला मोठा बदल झाला. वंश आणि देश बघून कोटा ठरवायचा जुना कायदा गेला, शिकलेल्या माणसाला आणि नातेवाइकाला जागा मिळाली. आपल्याकडचे डॉक्टर-इंजिनिअर तिकडे गेले ते त्यानंतर. पण त्या कायद्यापाठोपाठ दुसरी एक मोजणी राहिली, आणि आजचा सगळा घोळ तिच्यात आहे.

ती कशी ते सांगते. आपल्या पोरीचा प्रवास कसा होईल ते धरून चालू.

पहिलं दार विद्यार्थ्याच्या व्हिसाचं. शिकते तोवर राहता येतं. शिकून झालं की एक वर्ष काम करायची मुभा, आणि विषय विज्ञान-गणिताचा असेल तर आणखी दोन वर्षं. मिळून तीन. इथपर्यंत ठीक.

दुसरं दार एच-१बी नावाच्या व्हिसाचं. कुशल कामगारासाठीचा. तो माणसाने मागायचा नसतो, त्याच्या मालकाने मागायचा असतो. तीन वर्षांचा, आणखी तीन वाढवता येतात. १९९०च्या कायद्यात ठरलं, वर्षाला ६५ हजार. संगणकाच्या तेजीत, २००१ ते २००३, तो आकडा १ लाख ९५ हजारांवर नेला होता, मग परत ६५ हजारांवर आणला. अमेरिकेतच पदव्युत्तर शिकलेल्यांसाठी वर आणखी २० हजार. म्हणजे ८५ हजार. आणि मागणारे किती? २०२५च्या मार्चमध्ये जवळजवळ ३ लाख ४४ हजार पात्र नोंदी होत्या. मग काय करतात? चिठ्ठ्या काढतात. खरंच सांगते, मी आधी विश्वासच ठेवला नाही. भाचीला विचारलं तर ती हसली, म्हणाली, "मावशी, म्हाडाच्या सोडतीसारखं असतं गं." आपल्या भिशीत निदान एवढं तरी असतं, की आज चिठ्ठी नाही निघाली तरी पाळी प्रत्येकीची येतेच. इथे तीन वर्षांत तीनदा नाव टाकायचं, नाही निघालं तर बिस्तरा गुंडाळायचा. कर्करोगाच्या औषधावर काम करणारी असो नाहीतर दुकानांच्या बिलाचं सॉफ्टवेअर लिहिणारा असो, भांडं एकच. आता नवा नियम आणलाय, जास्त पगाराच्या नावाच्या चार चिठ्ठ्या, सगळ्यांत कमी पगाराच्या नावाची एक. नुकतं शिकून बाहेर पडलेलं पोर कुठल्या पगारावर लागणार, ते तुम्हीच ठरवा.

त्यात २०२५च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी हुकूम काढला, की बाहेरून नवा एच-१बी माणूस आणायचा तर मालकाने १ लाख डॉलर भरायचे. आपल्या पैशात ८० लाखांच्या वर. वहिनींच्या दिरांनी टीव्हीवर पाहिलं ते हे. पण पुढच्याच महिन्यात सरकारने खुलासा केला, की तिथेच शिकत असलेल्या आणि तिथेच राहून व्हिसा बदलून घेणाऱ्या विद्यार्थ्याला हा भार नाही. ही ओळ टीव्हीवर कुणी दाखवली नाही. आणखी एक ओळ मला सापडली, ती वहिनींसाठी मी लाल पेनाने अधोरेखित केली. विद्यापीठं आणि नफा न कमावणाऱ्या संशोधन संस्था यांना चिठ्ठ्यांचा नियमच लागू नाही. तिथे नोकरी लागली तर ८५ हजारांच्या भांड्यात नाव टाकायला लागत नाही. पीएच.डी. झालेल्या पोरीला हे दार उपयोगाचं.

तिसरं दार ग्रीन कार्डचं, म्हणजे कायम राहायच्या परवान्याचं. आणि इथे ती मोजणी येते. नोकरीच्या पायावर वर्षाला १ लाख ४० हजार कार्डं, त्यातही बायको आणि पोरं धरून. आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण सात टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत, बाकीच्यांनी घेऊन उरली तर गोष्ट वेगळी. आता समजा रेशन दुकानात शंभर पोती आली आणि दुकानदार म्हणाला, कुठल्याच गावाला सातपेक्षा जास्त देणार नाही. वीस उंबऱ्यांच्या वाडीलाही सात, पाच हजारांच्या गावालाही सात. वाडीवाले सकाळी येऊन पोतं घेऊन घरी, आणि मोठ्या गावाची रांग पार वेशीबाहेर. भारत म्हणजे ते मोठं गाव. आपल्याकडचे दहा लाखांहून जास्त लोक, बायकापोरांसकट, त्या रांगेत उभे आहेत. बरं, नागरिक कुठले हे बघत नाहीत, जन्म कुठं झाला ते बघतात. एकाच प्रयोगशाळेत, एकाच टेबलावर काम करणारी दोघं, एक केनियात जन्मलेला आणि एक कोल्हापुरात. केनियावाल्याला दोन-तीन वर्षांत कार्ड मिळून जाईल, कोल्हापूरवाल्याचं नोकरीतलं आयुष्य संपत येईल. लहान असताना आईबापांबरोबर गेलेलं पोर एकवीस वर्षांचं झालं की रांगेतून बाहेर. मग त्याने स्वतःचा नवा व्हिसा शोधायचा, नाहीतर जो देश त्याला आठवतही नाही तिथे परत यायचं.

आता भाचीचं सांगते, तिची परवानगी घेऊन. एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी, विद्यापीठात पहिली पाचात. लग्न झालं, नवरा एच-१बीवर. बायकोला मिळतो तो एच-४. त्यावर राहता येतं, शिकता येतं, पगाराचं काम मात्र करता येत नाही. पोरगी सहा वर्षं घरी बसली. फोनवर म्हणायची, "मावशी, इथे प्रयोगशाळांच्या जाहिराती रोज येतात. माणसं मिळत नाहीत म्हणून लिहितात. मी खिडकीतून बघते." २०१५ला तिकडच्या सरकारने नियम बदलला. नवऱ्याचं ग्रीन कार्ड ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलं असेल तर एच-४वाल्या बायकांना कामाचा परवाना देऊ लागले. त्या परवान्याविरुद्ध कित्येक वर्षं कोर्टात खटला चालला, २०२५च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकायला नकार दिला तेव्हा या बायकांचा जीव भांड्यात पडला. भाची आता एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत लागली आहे. सहा वर्षांचं विचारलं तर विषय बदलते.

तिला मी मारिया गोपर्ट मायरची गोष्ट सांगितली. जर्मनीत भौतिकशास्त्रात डॉक्टर झालेली बाई, १९३०ला अमेरिकन नवऱ्याबरोबर तिकडे गेली. तेव्हा विद्यापीठांचा नियम असा, की नवरा-बायको दोघांना नोकरी नाही. नवरा प्राध्यापक, ही बिनपगारी. कुणी माळ्यावरची खोली द्यायचं, कुणी तेही नाही. तीन विद्यापीठांत असं फुकट किंवा अर्ध्या पगारावर काम करत अणूच्या गाभ्याची रचना तिने उलगडली. पूर्ण पगाराची प्राध्यापकी मिळाली १९६०ला, चौपन्नाव्या वर्षाच्या आसपास. आणि १९६३ला नोबेल! तिथल्या पेपराने बातमी दिली ती 'आई'ला नोबेल मिळालं अशी. शास्त्रज्ञांची टंचाई म्हणून ज्या देशाने स्पुटनिकनंतर आकाशपाताळ एक केलं, त्याच देशात ही बाई फुकट राबत होती.

आणखी एक बाई. कातालिन कारिको. हंगेरी देशातल्या खाटकाची मुलगी, नळाचं पाणी नसलेल्या मातीच्या एका खोलीत वाढलेली. तिथल्या संशोधन केंद्राचे पैसे संपले, १९८५ला नोकरी गेली. फिलाडेल्फियाच्या एका विद्यापीठाने बोलावलं. हो, आनंदीबाईंचंच फिलाडेल्फिया. देशाबाहेर पैसे न्यायला बंदी, म्हणून गाडी विकून आलेले ९०० पौंड लेकीच्या टेडी अस्वलाच्या पोटात शिवले आणि निघाली. काही वर्षांनी दुसऱ्या विद्यापीठाने बोलावलं तर पहिल्या ठिकाणचा वरिष्ठ चिडला. जातेस तर देशाबाहेर काढायला लावतो म्हणाला, आणि तसं कळवलंही. नवी नोकरी हातची गेली. कसंबसं तिसरीकडे निभावलं. १९९५ला पुढच्या विद्यापीठातही पद खाली आणलं. तेव्हा तिचं स्वतःचं आजारपण चाललेलं आणि नवरा व्हिसाच्या घोळात हंगेरीत अडकलेला. तिने सोडलं नाही. ज्या एमआरएनए तंत्रावर करोनाच्या फायझर आणि मॉडर्ना लशी झाल्या, त्याची किल्ली तिने आणि ड्रू वाइसमन यांनी शोधली. २०२३ला दोघांना नोबेल. आपल्याला गावात मिळाल्या त्या कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन, त्या वेगळ्या तंत्राच्या. पण पुण्याच्या जेनोव्हा कंपनीनेही एमआरएनए लस केली, २०२२ला तिला परवानगी मिळाली.

ही गोष्ट मी नोबेलसाठी नाही सांगितली. त्या वरिष्ठाच्या धाकासाठी सांगितली. ज्याच्या हातात कागद, त्याच्या हातात माणूस. आपल्याकडे मुकादमाने उचल दिली की जोडपं पट्टा पडेपर्यंत कारखाना सोडून जाऊ शकत नाही. आता ऊसतोडीचा कोयता आणि अमेरिकेतली प्रयोगशाळा, दोन्ही एका तागडीत तोलायचं पाप मी करणार नाही. पगार, घर, मान, सगळ्यातच जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाय आता एच-१बीवाल्याला दुसरा मालक तयार असेल तर बदलता येतं. पण नोकरी गेली तर साठ दिवस. साठ दिवसांत दुसरी शोधा नाहीतर पोरांच्या शाळा अर्ध्यावर सोडून निघा. असा माणूस रविवारी कामाला ये म्हटलं तर नाही म्हणेल का? त्याचा पगार वाढवायची घाई कुणाला असेल का? तिकडचे लोक म्हणतात, हे बाहेरचे येऊन आमची मजुरी पाडतात. मला वाटतं, राग चुकीच्या माणसावर निघतोय. मजुरी पडते ती बांधलेपणाने. हा माझा विचार, तुम्हाला पटेल असं नाही.

तर वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर मला असं सापडलं. बोलावणारा एक आणि अडवणारा दुसरा आहे. बोलावतं विद्यापीठ, बोलावते कंपनी, त्यांना हात हवेत. अडवतं सरकार, कारण त्याला मतं हवीत आणि मतं तिथल्या लोकांची. दोघांच्या मध्ये तुमची लेक.

आणि हे फक्त त्यांचं नका समजू. आपल्या महाराष्ट्रात कॉलेजांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत, आणि त्याच कॉलेजात पीएच.डी. झालेली पोरं तासिका तत्त्वावर, तासाच्या हिशोबाने, शिकवतायत. सुट्टीत पगार नाही. जागा रिकामी आणि माणूसही रिकामा. हरगोविंद खुराना १९४९ला इंग्लंडातून शिकून परत आले होते, इथे नोकरी मिळाली नाही, गेले माघारी, आणि १९६८ला नोबेल मिळालं तेव्हा अमेरिकेचे नागरिक होते. त्यांना कुणी व्हिसाने अडवलं नव्हतं.

आता कामाचं. पुष्कळ जणी हे ऐकून विचारतील, म्हणून सांगते. अमेरिकेत विज्ञानातल्या पीएच.डी.ला बहुतेक विद्यापीठं फी माफ करतात आणि वर भत्ता देतात. पत्रात तो आकडा लिहिलेला असतो. वहिनींच्या लेकीच्या पत्रात होता. मग अर्धा एकर गहाण कशाला? तिकीट, व्हिसाची फी, पहिल्या महिन्याचं घरभाडं आणि थंडीचे कपडे एवढं जमवायचं. मास्टर्सची गोष्ट वेगळी, तिथे बहुतेकदा खर्च स्वतःचा असतो, लाखांत नव्हे दहा-दहा लाखांत. आणि चिठ्ठी नाही निघाली तर कर्ज इकडच्या पगारातून फेडायचं. जमीन गहाण टाकायची ती हे गणित मांडून. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका बहुधा तारण मागतात, हेही धरा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घरांतल्या मुलामुलींसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. आणि एजंट 'व्हिसाची गॅरंटी' म्हणाला की तिथूनच उठा. अशी गॅरंटी विद्यापीठालाही देता येत नाही.

एक दार हेच नाही, हेही पोरींना सांगा. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी जवळजवळ नसते, भाषा मात्र शिकायला लागते. चीननेसुद्धा २०२५च्या ऑक्टोबरात तरुण वैज्ञानिकांसाठी नवा व्हिसा काढलाय. एक दार लोटलं की शेजारी आपलं उघडतो.

वहिनींच्या लेकीने हो कळवलंय. अर्धा एकर जागेवर आहे, गटातून चाळीस हजार घेतलेत, दोन वर्षांत फेडायचे. आता ती व्हिसाच्या मुलाखतीची तयारी करते, मुंबईला जायचं आहे. त्या मुलाखतीत एक गंमत आहे. ज्या देशात शास्त्रज्ञ कमी म्हणून बोलावतात, त्याच देशाच्या अधिकाऱ्याला पटवायला लागतं की मी शिकून परत जाणार, राहणार नाही. विद्यार्थ्याच्या व्हिसाचा नियमच तसा आहे. परवा मी त्यांच्या घरी गेले तर पोरगी आरशासमोर उभी राहून इंग्रजीत तेच घोकत होती. वहिनी शेवयांचं पीठ मळत होत्या. इंग्रजी त्यांना येत नाही. मला विचारलं, "काय म्हणतीय ती?"

"म्हणतीय, शिकून परत येणार."

वहिनींनी पिठाचे हात तसेच धरून तिच्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "हे साहेबाला सांगतीस का मला?"

पोरीने उत्तर दिलं नाही. पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागली.